घरं, दुकानं, ऑफिसं एकत्र हवीतच, पण त्रास कोण मोजणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र मोठं झालंय, जागा असेल तर न कापता छापा ही विनंती, कारण या विषयावर लोक अर्धंच बोलतात आणि मग उरलेल्या अर्ध्यावरून वर्षानुवर्षं भांडतात.

विषय आहे मिश्र वापराच्या वस्त्यांचा. म्हणजे एकाच इमारतीत किंवा एकाच गल्लीत घरं, दुकानं, ऑफिसं, दवाखाना, पाळणाघर असं सगळं असणं. नव्या प्रोजेक्टच्या जाहिरातीत 'मिक्स्ड यूज' हा शब्द अभिमानाने छापलेला असतो आणि जुन्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये खालच्या गाळ्यांवरून आवाज चढलेले असतात, आणि हे दोन्ही एकाच गोष्टीबद्दल चाललंय हे कुणी बोलत नाही. मी स्वतः मिश्र वापराच्या बाजूचा आहे. खाली गाळे आणि वर घरं अशा इमारतीत राहतो, कमिटीतही काम केलंय, त्यामुळे फायदे रोज दिसतात आणि तक्रारीचे फोनही घेतलेत. माझं म्हणणं एवढंच की आपण नियम करताना 'इथे काय चालेल' एवढंच बघतो, 'त्याचा शेजाऱ्याला किती त्रास होईल' हे मोजतच नाही, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

घर वेगळीकडे आणि धंदा वेगळीकडे हा विचार मुळात काही वाईट नव्हता. कारखान्याचा धूर, कातडी कमावण्याचा वास, भट्ट्या, घाण पाणी हे सगळं लोकांच्या झोपायच्या खोलीला लागून असायचं, तेव्हा मध्ये कुणीतरी रेघ ओढणं गरजेचंच होतं. न्यूयॉर्कने १९१६ साली सगळ्या शहराला लागू होणारा झोनिंगचा, म्हणजे कुठल्या भागात काय चालेल हे ठरवणारा, नियम केला, आणि १९२६ साली ओहायोतल्या युक्लिड नावाच्या छोट्या गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हो, गावाला असे झोन पाडायचा अधिकार आहे. त्या निकालात म्हटलंय की उपद्रव म्हणजे कधी कधी चांगलीच गोष्ट पण चुकीच्या जागी, जसं डुक्कर गोठ्यात असायच्या ऐवजी दिवाणखान्यात. हे पटतं. पण त्याच निकालात, बंगल्यांच्या वस्तीत अपार्टमेंट म्हणजे निव्वळ बांडगूळ असंही आहे. म्हणजे धूर सोडणाऱ्या कारखान्यासाठी ओढलेली रेघ बघता बघता फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसापर्यंत आली, आणि मग कोपऱ्यावरचं दुकान, शिंपी, डॉक्टरचा दवाखाना, क्लास, सगळेच त्या रेघेच्या पलीकडे गेले, त्यांचा धूर नाही, वास नाही, तरीपण.

पुढे १९३३ साली आधुनिक वास्तुरचनाकारांची परिषद मार्सेहून अथेन्सला जाणाऱ्या जहाजावर भरली आणि शहराची चार कामं ठरली, राहणं, काम करणं, विरंगुळा आणि ये-जा. चारही एकमेकांपासून सुटी सुटी. ब्राझीलची राजधानी ब्राझिलिया १९६० साली सुरू झाली ती याच विचारातून, तिथे हॉटेलांचा सेक्टर वेगळा, बँकांचा सेक्टर वेगळा. कागदावर फार सुंदर दिसतं. पण माणसाचा दिवस असा चार कप्प्यांत राहत नाही ना, सकाळी मुलाला सोडायचं, मग कामावर, मध्येच औषध घ्यायचं, येताना भाजी, संध्याकाळी आईला तपासायला न्यायचं, आणि या प्रत्येक कामासाठी वेगळ्या सेक्टरला जायचं म्हटलं की गाडी लागतेच, आणि गाडी चालवता न येणारे म्हणजे मुलं, म्हातारी माणसं आणि ज्यांना गाडी परवडत नाही ते सगळे दुसऱ्या कुणाच्या तरी भरवशावर.

म्हणून मिश्र वापराचा पहिला फायदा मी पर्यावरणाचा वगैरे सांगणार नाही, तोही आहेच, पण पहिला फायदा हा की जो माणूस फक्त चालू शकतो त्याचा दिवस त्याच्या हातात राहतो. सिंगापूरमध्ये काम्पुंग ॲडमिरल्टी नावाची एक सरकारी इमारत आहे, ज्येष्ठांसाठी शंभरेक छोटी घरं, त्याच इमारतीत दवाखान्याचे मजले, पाळणाघर, खाली दुकानं आणि सगळ्यांना बसायला मोकळी जागा. २०१८ साली जागतिक वास्तुकला महोत्सवात तिला वर्षातली सर्वोत्तम इमारत म्हणून पुरस्कार मिळाला. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते म्हणजे पाळणाघर आणि ज्येष्ठांची जागा मुद्दाम जवळ जवळ ठेवली आहे. हे काही नफ्याच्या हिशोबातून सुचत नाही, त्यासाठी कुणीतरी आधी बसून माणसांचा विचार केलेला असावा लागतो.

दुसरा फायदा वेळेचा. ऑफिसं दिवसा भरतात, घरं रात्री भरतात, दुकानं संध्याकाळी. त्यामुळे तेच पार्किंग दिवसा ऑफिसवाल्यांना आणि रात्री रहिवाशांना वापरता येतं, प्रत्येकासाठी वेगळी जागा खोदावी लागत नाही. रस्ता सकाळी सातला आणि रात्री दहाला दोन्ही वेळा जागा असतो, कुणीतरी बघत असतं, एकट्या बाईला चालायला भीती कमी वाटते. बस आणि रेल्वेचंही तसंच, सकाळी एका दिशेने ठासून भरलेली आणि उलट्या दिशेने रिकामी असं होत नाही. अमेरिकेत आर्लिंग्टन काउंटीने मेट्रो हायवेच्या मधून न नेता जुन्या बाजाररस्त्याखालून न्यायची मागणी लावून धरली, ती १९७९ साली सुरू झाली, आणि मग पाच स्टेशनांच्या चालत जाण्याइतक्या अंतरात ऑफिसं, घरं, दुकानं एकत्र वाढू दिली आणि मागच्या बुटक्या घरांच्या वस्त्या तशाच ठेवल्या. म्हणजे सगळीकडे सगळं असा हट्ट नाही, स्टेशनजवळ दाट आणि मिसळलेलं, मागे शांत.

एकच एक वापर असलेल्या भागाचं काय होतं हे २०२० नंतर सगळ्या जगाने पाहिलं. लोक घरून काम करायला लागले आणि नुसत्या ऑफिसांचे भाग ओस पडले, त्यांच्या जिवावर चालणारी खालची दुकानंही गेली. लंडनच्या कॅनरी व्हार्फ या भागात सुरुवातीला जवळजवळ ऑफिसंच होती, १९९२ साली तो उभारणारी कंपनी दिवाळखोरीत गेली होती, नंतर सावरला, आणि आता तिथे राहण्याचे टॉवर उभे आहेत. आणि ऑफिसचं घर करू म्हणणं सोपं आहे पण नव्या ऑफिसांचे मजले इतके खोल असतात की मधल्या खोल्यांना खिडकीच मिळत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९९५ पासून करसवलत देऊन खालच्या मॅनहॅटनमधली बरीच ऑफिसं घरांत बदलली, त्यात जुन्या अरुंद इमारतींचं काम सोपं गेलं. इमारत बांधतानाच उद्या वापर बदलू शकतो हे धरून चाललं तर हा त्रास कमी होतो, पण आज बिल्डर विकण्यापुरताच विचार करतो आणि परवानगी देणाराही तेवढाच करतो.

आता त्रासाकडे येतो, आणि इथे मला जरा जास्त जागा हवी आहे, कारण मिश्र वापराचं कौतुक करणारे लोक बहुतेक वेळा हा भाग दोन ओळीत उरकतात.

सगळ्यात आधी जिवाचा प्रश्न. दुकानदाराला समोरून सगळं मोकळं आणि काचेचं हवं असतं, मध्ये भिंत नको, खांबही कमी हवेत. वरच्या मजल्यांवर मात्र खोल्याखोल्यांच्या भिंती असतात. म्हणजे वरचा भाग ताठ आणि खालचा एकच मजला लवचिक, भूकंपात सगळी हालचाल त्या एका मजल्यात होते आणि तोच आधी बसतो. इंजिनियर याला सॉफ्ट स्टोरी म्हणतात. १९८९ च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्कोच्या मरीना भागात अशा इमारती खालच्या मजल्यावर बसल्या, १९९४ मध्ये लॉस एंजेलिसच्या नॉर्थरिजमध्ये खाली पार्किंग असलेल्या एका अपार्टमेंटमध्ये १६ माणसं गेली. मग सॅन फ्रान्सिस्कोने २०१३ साली आणि लॉस एंजेलिसने २०१५ साली अशा जुन्या लाकडी सांगाड्याच्या इमारती मजबूत करणं सक्तीचं केलं. खाली दुकान असणं हा गुन्हा नाही, तो मजला नीट डिझाइन केला तर काही होत नाही. भीती वेगळीच असते, पाच वर्षांनी नवीन भाडेकरू येतो, शोरूम मोठं करायचं म्हणून एक भिंत काढतो, कुणाला विचारत नाही, आणि वर चाळीस कुटुंबं झोपलेली असतात. अशी भिंत काढताना बघणारा माणूस आपल्या व्यवस्थेत कोण आहे? माझ्या माहितीप्रमाणे शेजारीच, आणि त्याला तर आवाजाचाच त्रास झाला म्हणून कळतं.

दुसरं आग. ढाक्याच्या जुन्या भागात २०१० साली निमतलीत आग लागली, शंभरहून जास्त लोक गेले, घरांच्या खाली केमिकलचा साठा होता. सगळ्यांनी सांगितलं की गोदामं हलवू. २०१९ च्या फेब्रुवारीत जवळच चौकबाजारात पुन्हा तेच झालं, सत्तरच्या आसपास माणसं गेली. अशी उदाहरणं दाखवून काही लोक म्हणतात बघा, म्हणून घर आणि धंदा एकत्र नको. मला हे पटत नाही. पाळणाघर, न्हावी, वकिलाचं ऑफिस आणि ज्वलनशील द्रवाचा साठा हे सगळं 'व्यापारी वापर' या एकाच रकान्यात टाकलं की असंच होणार, न्हाव्यालाही परवानगी मिळायची मारामार आणि केमिकलवाला कागदावर 'दुकान' म्हणून बसतो. घराखाली काय साठवता येईल, किती लिटर, दोन वापरांमधली भिंत आणि स्लॅब किती वेळ आग अडवेल, रहिवाशांचा जिना दुकानाच्या आतून जातो की स्वतंत्र आहे, हे प्रश्न वापराच्या नावापेक्षा कितीतरी महत्त्वाचे.

रोजचा त्रास मात्र आवाजाचा आणि वासाचा, आणि बहुतेक मिश्र इमारती याच्यावरूनच बदनाम होतात. स्वयंपाकाचा धंदा खाली आला की धुराला वाट लागते, ती डक्ट नकाशात नसेल तर मग मागच्या भिंतीवरून पाइप चढवतात आणि दुसऱ्या मजल्याच्या खिडकीखाली सोडतात. जिममध्ये वजन आपटलं की आवाज हवेतून येत नाही, स्लॅब आणि खांबातून वर चढतो, खिडकी बंद करून काही उपयोग नाही, त्यासाठी खाली रबराच्या थरावर तरंगती फरशी घालावी लागते, आणि ती आधी घातली तर स्वस्त, नंतर घालायची म्हणजे धंदा बंद ठेवून. शीतपेट्यांचे कॉम्प्रेसर, पहाटे माल उतरवणारे टेम्पो, रात्री ओढलेलं शटर. एकेक गोष्ट छोटी आहे, पण झोप रोज मोडते तेव्हा माणूस सगळ्या मिश्र वापरालाच शिव्या देतो, आणि मी त्याला दोष देणार नाही.

या बाबतीत मला जर्मनीची पद्धत फार आवडते. तिथे २०१७ साली 'शहरी क्षेत्र' नावाचा नवीन प्रकार कायद्यात आणला, घरं आणि धंदे दाटीने मिसळण्यासाठीच, आणि त्यात कुणाचं प्रमाण किती याची बरोबरी असायलाच हवी असा आग्रह नाही. पण आवाजाचा आकडा दिलेला आहे, धंद्यामुळे येणारा आवाज दिवसा ६३ डेसिबल आणि रात्री ४५. साध्या राहत्या वस्तीत तो ५५ आणि ४० असतो. म्हणजे शहरात राहायचं तर दिवसा थोडं सहन करा, रात्री मात्र सूट फार नाही. असा आकडा असला की भांडण माणसांत राहत नाही, मोजणीवर येतं. आमच्या मीटिंगमध्ये एक म्हणतो फार आवाज होतो, दुसरा म्हणतो तुम्हाला सवय नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात.

आणखी एक तत्त्व आहे, नंतर येणाऱ्याने जबाबदारी घ्यायची. जुना गाण्याचा अड्डा किंवा वर्कशॉप आधीपासून आहे आणि शेजारी नवी घरं उभी राहिली, तर आवाज अडवायचा खर्च नव्या इमारतीच्या बिल्डरने करायचा, आणि उलट घरं आधी असतील तर नव्या धंद्याने. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने २०१४ साली हा नियम घेतला, इंग्लंडच्या नियोजन धोरणात २०१८ साली आला. किती साधी गोष्ट आहे. हे नसल्यामुळे काय होतं की 'गजबजलेल्या भागात राहा' म्हणून फ्लॅट विकले जातात आणि ताबा मिळाल्यावर पहिली तक्रार त्या गजबजीचीच होते, बिल्डर तोपर्यंत निघून गेलेला असतो.

जपानचं झोनिंगही बघण्यासारखं आहे. सगळ्या देशाला एकच यादी, तेरा प्रकारचे झोन. सगळ्यात शांत, बुटक्या घरांच्या झोनमध्येसुद्धा स्वतःच्या घरात छोटं दुकान किंवा ऑफिस चालतं, फक्त ते ५० चौरस मीटरपर्यंतच हवं आणि घराच्या निम्म्याहून कमी. आणि घर बांधायला फक्त निव्वळ औद्योगिक झोनमध्ये बंदी, बाकी सगळीकडे बांधता येतं. म्हणजे तिथे झोन वापराच्या नावापेक्षा आकारावर आणि उपद्रवावर जास्त बेतलेला आहे, छोटं आहे तर चालू द्या, मोठं झालं तर मोठ्या रस्त्याला जा. एखाद्या बाईला घराच्या पुढच्या खोलीत शिवणकाम किंवा छोटं दुकान करायचं असेल तर तिने कुणाच्या पाया पडायची गरज नाही.

पैशाचा भाग राहिला. गाळेधारक म्हणतात आम्ही लिफ्ट वापरत नाही, मग लिफ्टचे पैसे का? रहिवासी म्हणतात कचरा तुमचा चौपट, पाणी तुमचं जास्त, मग मेंटेनन्स सारखा का? दोघांचंही बरोबर आहे. ऑस्ट्रेलियातच न्यू साउथ वेल्समध्ये अशा इमारतीत दुकानांची संस्था वेगळी आणि घरांची वेगळी करता येते, आणि आग विझवायची यंत्रणा, गच्ची, सामाईक रस्ता अशा गोष्टींसाठी दोघांची मिळून एक समिती, कोण किती टक्के देणार ते लेखी. हे विक्रीच्या आधी लिहिलेलं असतं हा त्यातला मुद्दा. आपण ते पहिल्या मीटिंगमध्ये भांडून ठरवायला जातो आणि मग कोर्टात.

रिकाम्या गाळ्यांबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. प्रत्येक रस्त्याला तळमजल्यावर दुकानंच हवीत असा नियम केला की दुकानं गरजेपेक्षा जास्त होतात, तेवढं गिऱ्हाईक आसपास राहतच नाही, गुंतवणूक म्हणून घेतलेले गाळे शटर पाडून पडतात आणि तो रस्ता नुसत्या घरांच्या रस्त्यापेक्षा जास्त भकास दिसतो. त्यापेक्षा चौकात आणि मुख्य रस्त्यावर सक्ती करा, बाकी ठिकाणी तळमजल्याची उंची साडेचार मीटरच्या आसपास ठेवा, आज तिथे घर किंवा ऑफिस असू द्या, उद्या गरज पडली की दुकान होईल.

आणि भाडं. जिथे सगळं चालत मिळतं तिथे सगळ्यांनाच राहावंसं वाटतं, मग भाव चढतो, आणि ज्या शिंप्यामुळे, सायकल दुरुस्त करणाऱ्यामुळे ती गल्ली जिवंत होती तोच आधी जातो. बार्सिलोनाने २००० साली पोब्लेनोऊ या जुन्या कारखान्यांच्या भागात सुमारे २०० हेक्टरवर असाच बदल सुरू केला, औद्योगिक जमिनीवर ऑफिसं आणि घरं यायला परवानगी, त्यात परवडणारी घरं ठेवायची अटही होती, तरीसुद्धा जुनी वर्कशॉप हलवण्यावरून तिथे मोठी आंदोलनं झाली. घरांसाठी अट घातली पण छोट्या धंद्यासाठी घालायची राहिली की असं होतं. परवडणारी घरं म्हणतो तसे परवडणारे गाळेही हवेत, काही टक्के, लहान आकाराचे, लांब मुदतीच्या भाड्याने. दुकान मॉलच्या साखळीचंच येणार असेल तर मिश्र वापर नुसता नावाला राहतो, माणसं तीच, रस्ता तोच, पण धंदा करणारा कुणी तिथला नाही.

माझी नियम करणाऱ्यांकडे मागणी अशी की मिश्र इमारतीला परवानगी देताना नकाशावर धुराची डक्ट छतापर्यंत दाखवलेली असावी, माल उतरवायची जागा आणि तिची वेळ लिहिलेली असावी, कचऱ्याची खोली दोघांची वेगळी असावी, खर्चाची टक्केवारी विक्रीच्या करारातच असावी आणि खालच्या मजल्यावर पुढे कुठलीही भिंत काढायची तर इंजिनियरच्या सहीशिवाय काढता येऊ नये. आवाजाची मोजणी तक्रार केल्यावर ठरलेल्या दिवसांत व्हावी आणि तिचा आकडा दोन्ही बाजूंना लेखी मिळावा. यातलं काहीही फार खर्चाचं नाही.

ज्या वाचकांच्या इमारतीत खाली गाळे आहेत आणि तरी मेंटेनन्सचा हिशोब नीट बसलाय, त्यांनी तो कसा बसवला, गाळ्याला किती आणि घराला किती, कुठल्या कुठल्या बाबी वेगळ्या काढल्या, हे कृपया या सदरातच लिहावं, आम्हाला पुढच्या वार्षिक सभेच्या आत ते हवं आहे.

आपला,
एक नियमित वाचक